बार्सलोनेतचे लोक मेक्सिकोलाच का गेले?

माझ्या पीएच.डी.चा विषय कुणी विचारला की मी "डोंगराळ भागातली जमीन आणि स्थलांतर" असं सांगते, आणि समोरचा माणूस दोन मिनिटांत हवापाण्यावर येतो. म्हणून आज विषय सांगत नाही, एक गाव दाखवते.

गावाचं नाव बार्सलोनेत. फ्रान्सच्या आग्नेय कोपऱ्यात, दक्षिण आल्प्समध्ये, समुद्रसपाटीपासून साधारण १,१३५ मीटर उंचीवर. लोकवस्ती अडीच हजारांच्या आसपास. कागदोपत्री हे शहर आहे, कारण इथे उपविभागाचं मुख्यालय आहे. आपल्याकडची प्रांत कचेरी समजा. पण रेल्वे नाही. गॅप नावाच्या शहरातून निघायचं, मोठ्या जलाशयाच्या कडेकडेने वळणं घेत सत्तरेक किलोमीटर जायचं, तेव्हा कुठे दरी रुंद होते आणि गाव दिसतं.

जुन्या गावात काही विशेष वाटत नाही. सरळ गल्ल्या, मधोमध चौक, एक जुना घंटामनोरा. पण गावाबाहेर पडलात की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोठमोठे बंगले सुरू होतात. उंच छपरं, मनोरे, काचेच्या गॅलऱ्या, भोवती बाग. इथून शेजारच्या झोझिये गावापर्यंत असे पन्नासच्या आसपास बंगले आहेत. एका रस्त्याला पोर्फिरिओ दिआस या मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षाचं नाव आहे. ऑगस्टमध्ये इथे मेक्सिकन उत्सव भरतो. या बंगल्यांना सगळे "मेक्सिकन व्हिला" म्हणतात. गंमत अशी, की त्यांच्या बांधणीत मेक्सिकन असं जवळपास काहीच नाही. मेक्सिकन आहे तो त्यांना लागलेला पैसा.

पहिल्या वर्षी मी माझ्या टिपणात लिहिलं होतं, "गरिबीमुळे इथल्या लोकांनी मेक्सिकोत स्थलांतर केलं." गाइडनी त्याखाली पेन्सिलीने एकच ओळ लिहून दिली: "गरीब तर शेजारची खोरीही होती. मग मेक्सिकोच का, आणि हेच का?"

या लेखात त्या प्रश्नाचं उत्तर शोधू या.

आधी नकाशा बघा

बार्सलोनेत उबाय नदीच्या खोऱ्यात आहे. नदी पूर्वेकडून, इटलीच्या सीमेवरच्या डोंगरांतून येते आणि पश्चिमेला द्युराँस नदीला मिळते. खोऱ्याभोवती उंच डोंगरांचं कडं आहे आणि बाहेर पडायला खिंडी. पूर्वेला इटलीकडे जाणारी लार्शची खिंड १,९९१ मीटरवर. उत्तरेला व्हारची. दक्षिणेला आलोस, कायोल आणि बोनेत. बोनेतच्या माथ्याला वळसा घालणारा रस्ता तर २,८०२ मीटरपर्यंत चढतो. दक्षिणेकडच्या या तिन्ही वाटा आजही हिवाळ्यात बर्फामुळे बंद असतात.

हे चित्र पाहिलं की मनात येतं, "अरेच्चा, म्हणजे हे जगापासून तुटलेलं ठिकाण." आजच्या डोळ्यांना तसं दिसतं खरं. पण हमरस्ते आणि रेल्वे नव्हती तेव्हा डोंगरातली खिंड म्हणजे भिंत नव्हती, दार होतं. खेचरावर माल लादून लार्शची खिंड ओलांडली की पलीकडे पिएमाँतचा बाजार.

गावाचा जन्मही याच हिशेबातून झाला. १२३१ मध्ये प्रोव्हाँसचा काउंट रेमाँ बेराँजे याने हे गाव वसवलं. तो बार्सिलोनाच्या राजघराण्यातला, म्हणून गावाचं नाव 'छोटं बार्सिलोना' असं सांगितलं जातं. गाव हळूहळू वाढलेलं नाही, आखून वसवलेलं आहे. जुन्या भागातल्या त्या सरळ गल्ल्या म्हणजे जवळजवळ आठशे वर्षांपूर्वीचं नगररचनेचं काम.

पुढे १३८८ मध्ये हे खोरं साव्हॉयच्या सत्तेखाली गेलं आणि सव्वातीनशे वर्षं तिथेच राहिलं. म्हणजे आज फ्रान्सचा कोपरा वाटणारं हे गाव तेव्हा डोंगराच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या एका राज्याच्या आत होतं. १७१३ च्या उट्रेख्टच्या तहात सीमा पाणलोटावरून ठरली. डोंगराच्या माथ्यावरून पाणी ज्या बाजूला वाहतं, तो भाग त्या बाजूच्या राज्याचा. उबायचं पाणी पश्चिमेला वाहतं, म्हणून खोरं फ्रान्सला मिळालं. राजकारण्यांना हा नियम सोयीचा होता, पण ज्यांचा बाजार माथ्याच्या पलीकडे होता त्यांच्या दृष्टीने दारात उंबरठा आला.

बर्फाचे महिने आणि पाठीवरचं गाठोडं

आता शेतीचा हिशेब करा. या उंचीवर एकच पीक येतं. राय, बार्ली, थोडा गहू, पुढे बटाटा. हिवाळा लांबतो, आणि त्या काळात शेतात काही काम नाही. जनावरं गोठ्यात, माणसं घरात, आणि धान्याच्या कणगीकडे बघत बसायचं. घरात एक तोंड कमी झालं तर तेवढंच धान्य पुरणार.

म्हणून पुरुष बाहेर पडायचे. इथे मुद्द्याची गोष्ट ही, की ते मजुरी करायला जात नसत. ते कापड विकायला जात. खोऱ्यात मेंढ्या होत्या, लोकर होती, घरोघरी विणकाम होतं. पाठीवर कापडाचं गाठोडं बांधून हे फेरीवाले प्रोव्हाँस, ल्याँ, पिएमाँत आणि पार उत्तरेला फ्लँडर्सपर्यंत जात आणि बर्फ वितळताना परत येत.

असा धंदा करायला काय लागतं? हिशेब यावा लागतो. उधारीची वही लिहिता आली पाहिजे. परक्या भाषेत चार वाक्यं बोलता आली पाहिजेत. आणि ज्याच्याकडून माल उचलला त्याचा आपल्यावर विश्वास पाहिजे. आल्प्सच्या या पट्ट्यात साक्षरता फ्रान्सच्या अनेक सुपीक सपाट भागांपेक्षा जास्त होती, ती यामुळेच. हिवाळ्यात इथले काही जण गावोगाव शिक्षक म्हणूनही फिरत आणि टोपीत पीस खोवत. एक पीस म्हणजे वाचायला-लिहायला शिकवतो, दोन म्हणजे हिशेबही, तीन म्हणजे लॅटिनसुद्धा. पीस म्हणजे अर्थात लेखणीचं.

तेव्हा "गरीब, अडाणी डोंगरी लोक" हे चित्र इथेच पुसून टाका. जमीन गरीब होती. माणसांकडे मात्र एक धंदा होता आणि तो त्यांना चांगला जमत होता.

सात दारांचं दुकान

झोझिये गावच्या आर्नो घराण्याचं कापडाशी नातं होतं. या घरातले भाऊ एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत गेले आणि १८२१ च्या सुमारास मेक्सिको शहरात त्यांनी कापडाचं दुकान काढलं. त्या दुकानाचं नाव 'सात दारं'. वर्ष लक्षात घ्या. १८२१ म्हणजे मेक्सिको स्पेनपासून स्वतंत्र झाला ते वर्ष. स्पॅनिश व्यापाऱ्यांचं बस्तान हललं होतं आणि बाजारात जागा रिकामी होती.

दुकान चाललं तशी माणसं लागली. कुणाला बोलवायचं? ओळखीच्याला. पुतण्याला, भाच्याला, गावातल्या पोराला. १८४५ मध्ये मेक्सिकोला गेलेले दोघे जण चांगला पैसा बांधून खोऱ्यात परतले आणि मग घरोघरी एकच चर्चा सुरू झाली. १८५० ते १९५० या शंभर वर्षांत या छोट्याशा खोऱ्यातून अंदाजे अडीच ते तीन हजार लोक मेक्सिकोला गेले.

ही यंत्रणा कशी चालायची, ते सांगते. सोळा ते वीस वर्षांचा मुलगा नातेवाइकाच्या बोलावण्यावर जहाजात बसायचा. कित्येकांना जाता जाता सक्तीची लष्करी सेवाही टळते, हे आकर्षण होतंच. तिकडे गेल्यावर दुकानात राबायचं, तिथेच जेवायचं, तिथेच झोपायचं. काही वर्षांनी हातात वही यायची, मग नफ्यात वाटा. मालक निवृत्त होऊन गावी परतताना पेढी बाहेरच्याला विकण्याऐवजी याच मुरलेल्या माणसांच्या हाती द्यायचा. मग हे नवे मालक गावाहून आणखी पोरं बोलवायचे. गावाकडून आलेल्या माणसाला मुंबईत गाववाल्यांच्या खोलीवर पाठ टेकायला जागा मिळायची, ही गोष्ट ज्यांनी घरात ऐकली आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

यातून उभं काय राहिलं? १८४७ मध्ये झाँ-बातिस्त एब्रार याने कापडविक्री सुरू केली. त्याचा माल इंग्लंडच्या लिव्हरपूल बंदरातून येई, म्हणून दुकानाचं नाव 'लिव्हरपूल' पडलं. १८९१ मध्ये त्राँ कुटुंबाच्या पेढीने 'एल पालासिओ दे येरो', म्हणजे 'लोखंडी महाल', हे भव्य दुकान उघडलं. इमारतीचा सांगाडा लोखंडी, म्हणून हे नाव. ही दोन्ही नावं आजही मेक्सिकोतल्या मोठ्या मॉलसाखळ्यांवर आहेत. तिथल्या ग्राहकांपैकी कितीजणांना त्यामागचं हे बर्फातलं खोरं माहीत असेल, कोण जाणे.

आता गाइडच्या प्रश्नाचं उत्तर देता येतं. जवळच, गॅपच्या उत्तरेला शाँसोर नावाचं खोरं आहे. तिथलीही जमीन डोंगराळ, हिवाळा तसाच. तिथूनही माणसं अमेरिकेत गेली, पण ती कॅलिफोर्निया आणि आसपासच्या भागात मेंढ्या राखायला. उबायचे लोक मेक्सिकोत कापड विकायला गेले. गरिबी दोन्हीकडे सारखी होती. वेगळं होतं ते आधीपासून अंगात असलेलं काम आणि पलीकडे पहिलं दार उघडून देणारा माणूस. गरिबी माणसाला घराबाहेर ढकलते. पण तो कुठे जाईल, हे त्याचं कसब आणि त्याची ओळखपाळख ठरवते.

बंगल्याची दुसरी बाजू

इथे थांबलं तर छान यशोगाथा होते. बार्सलोनेतच्या पर्यटन-पुस्तिका बहुतेक इथेच थांबतात. मला थांबता येत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ही मंडळी कापड नुसतं विकत नव्हती, बनवायलाही लागली. ओरिसाबा भागात त्यांच्या भांडवलावर प्रचंड गिरण्या उभ्या राहिल्या. त्यातली रिओ ब्लांकोची गिरणी १८९२ मध्ये सुरू झाली, उद्घाटनाला स्वतः राष्ट्राध्यक्ष दिआस हजर. त्या रस्त्याला त्यांचं नाव का, ते आता कळलं असेल. जानेवारी १९०७ मध्ये त्याच रिओ ब्लांकोत कामगारांचा असंतोष उफाळला. पहिला राग निघाला तो गिरणीशी जोडलेल्या दुकानावर, जिथे कामगारांना उधारीत अडकवलं जाई. तेही एका बार्सलोनेतवाल्याचंच. सरकारने सैन्य पाठवलं, गोळीबार झाला. किती माणसं मेली याचे आकडे इतिहासकारांत आजही वादाचे आहेत. तीन वर्षांनी मेक्सिकोत क्रांती झाली, तेव्हा रिओ ब्लांकोची आठवण ताजी होती.

म्हणजे बागेतला तो सुंदर बंगला दोन ठिकाणच्या कष्टांवर उभा आहे. एक, वर्षानुवर्षं दुकानात झोपलेल्या गावच्या पोराचे. दुसरे, ओरिसाबाच्या मागावर उभ्या असलेल्या कामगाराचे. पहिल्याचं नाव इथल्या स्मशानभूमीतल्या संगमरवरी थडग्यांवर आहे. दुसऱ्याचं या खोऱ्यात कुठेच नाही.

आणि गावच्या पोरांपैकीही सगळे श्रीमंत झाले नाहीत. बंगला बांधणारे मोजके. बरेचसे तिकडेच राहिले, तिकडेच संपले. आपल्याला बंगले दिसतात, कारण अपयश दगडात बांधलं जात नाही.

डोंगर बोडका कुणी केला?

माझ्या प्रबंधाचा अर्धा भाग मात्र माणसांबद्दल नाही, मातीबद्दल आहे.

बार्सलोनेतच्या भोवतालच्या उतारांवर काळा, ठिसूळ खडक दिसतो. इथे त्याला 'काळी माती'च म्हणतात, पण ती आपली कापसाची काळी जमीन नव्हे. सोळा कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळाशी साचलेल्या चिकणमातीचा आणि चुन्याचा तो खडक. हिवाळ्यात त्याच्या फटींतलं पाणी गोठतं, फुगतं, खडकाचा भुगा होतो. उन्हाळ्यात वादळी पाऊस कोसळला की हा भुगा ओढ्यातून खाली येतो. पाणी येत नाही हो, चिखल आणि दगडांचा लगदा येतो. गावाच्या वायव्येला असलेला रियू बुर्दू हा ओढा या बाबतीत सगळ्या युरोपात बदनाम होता.

१८४१ मध्ये आलेक्साँद्र सुरेल या अभियंत्याने शेजारच्या जिल्ह्यातल्या अशा ओढ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचं निदान असं: जंगल गेलं म्हणून ओढे पिसाळले. उपायही त्यातूनच निघाला, झाडं लावा. १८६०, १८६४ आणि १८८२ असे तीन कायदे झाले. सरकारने डोंगरउतार ताब्यात घेतले, ओढ्यांत एकाखाली एक दगडी बांध घातले, ऑस्ट्रियातून आणलेला काळा पाइन लावला. रियू बुर्दूचं काम बघायला बाहेरून तज्ज्ञ येत.

अभियांत्रिकी म्हणून काम अफाट होतं. पण त्यासोबत एक गोष्ट सांगितली गेली: गावकरी अडाणी, त्यांनी झाडं तोडली, मेंढ्या चारल्या आणि स्वतःचा डोंगर स्वतः बुडवला. या गोष्टीच्या आधारावर चराई बंद झाली. ज्या घराचं पोट मेंढ्यांवर, त्याला बाहेरची वाट धरण्याचं आणखी एक कारण मिळालं. गावकऱ्यांनी विरोध केला. १८६४ च्या कायद्यात झाडांऐवजी गवताचीही मुभा आली, ती या विरोधामुळे.

हे आपल्याला परकं वाटायला नको. १८६७ पासून सुमारे वीस वर्षं ब्रिटिशांच्या हिंदुस्थानात वनखात्यात येणारे अनेक अधिकारी फ्रान्समध्येच, नान्सीच्या वनविद्यालयात, शिकून येत. आपल्याकडच्या १८७८ च्या वनकायद्याने गावाचे चराईचे आणि लाकूडफाट्याचे हक्क आवळले, तो काळही हाच.

मग गावकऱ्यांचा दोष नव्हता का? होता, पण पूर्ण नव्हता. पहिलं म्हणजे, उन्हाळ्यात इथे चरणारे कळप सगळे स्थानिक नव्हते. प्रोव्हाँसच्या मैदानातून हजारोंनी मेंढ्या वर येत, आणि गावं कुरणं भाड्याने देत. दुसरं, खडकच असा आहे की तो झाडांशिवायही झिजतो आणि कधी कधी झाडांसकटही. तिसरं, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आल्प्समध्ये थंडीचा एक लांबलेला कालखंड चालू होता. हिमनद्या वाढलेल्या होत्या आणि ओढ्यांचं थैमानही त्या काळात वाढलेलं दिसतं. पुढे हवामान निवळलं, त्याच सुमारास झाडं लागली, आणि त्याच सुमारास माणसं निघून गेली. पडीक शेतात जंगल आपलं आपण वाढलं. आता डोंगर शांत झाला तो कशामुळे? तिन्ही गोष्टी एकदम घडल्या की एकीलाच श्रेय देणं सोपं असतं, सिद्ध करणं अवघड.

आणि डोंगर पुरता शांत झालाय कुठे? जून १९५७ मध्ये उबायला भयंकर पूर आला. १९८२ मध्ये रियू बुर्दूपासून जवळच, सँ-पाँ गावाच्या वर, ला व्हालेतचा अख्खा उतार सरकायला लागला. हे भूस्खलन खोलवरचं आहे. झाडांची मुळं वरचा थर धरून ठेवतात, पण खालचा थरच घसरला तर झाडं त्याच्यासोबत उभ्या उभ्या खाली येतात. तिथे आज उपकरणं लावून वर्षानुवर्षं मोजमाप चालू आहे.

शेवटी काय राहिलं?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला या खोऱ्यात आजच्या दुपटीहून जास्त माणसं राहत होती. आज सात-आठ हजार उरलीत. मेक्सिकोच्या पैशाने बंगले आले. पॉल रेनो यांच्यासारखा पंतप्रधानही आला. ते १८७८ मध्ये इथे जन्मले, वडिलांनी मेक्सिकोत कापडात पैसा कमावलेला, आणि १९४० मध्ये ऐन युद्धात ते फ्रान्सचे पंतप्रधान झाले. पण त्या पैशाने खोऱ्यात टिकणारा उद्योग आला नाही. रेल्वेचं काम निघालं होतं. बोगदे खणले, पूल बांधले आणि काम सोडून दिलं. पुढे १९६० च्या सुमारास सेर-पोन्साँ धरणाचं पाणी चढलं आणि मार्गाचा काही भाग बुडाला. जलाशयाची पातळी उतरली की एक पूल पाण्यातून वर येतो. त्यावरून एकही गाडी कधी गेलेली नाही. सुरुवातीला सांगितलेला जलाशय तो हाच.

तुम्ही म्हणाल, एवढ्या दूरच्या अडीच हजार वस्तीच्या गावाचं आम्ही काय करायचं? मला वाटतं, गाव रिकामं का झालं, या प्रश्नाला आपण फार पटकन उत्तर देतो. "गरिबी", "अडाणीपणा", "पोरांना शहराची ओढ". असं उत्तर दिलं की पुढचे निर्णयही तसेच होतात. चराई बंद करा, झाडं लावा, रस्ता बांधा. पण त्या माणसांना काय येत होतं, ती कुणाच्या आधाराने कुठे गेली आणि त्यांच्या मागे त्या जमिनीचं काय झालं, हे विचारायचं राहून जातं.

गाइडची ती पेन्सिलीची ओळ मी टेबलासमोर चिकटवून ठेवली आहे. तुमच्या ओळखीचं एखादं रिकामं झालेलं गाव असेल, तर तोच प्रश्न तिथे विचारून बघा: तिथलेच का, आणि तिथेच का? "गरीब होते हो" हे उत्तर आलं, तर पुन्हा एकदा विचारा.